क्लब शोधू नकोस, रात्र शोध

"ताई, मी २४ वर्षांचा आहे. घर डोंबिवलीत, नोकरी पवईला. कॉलेजपासून ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. कामावर दिवसभर कानात हेडफोन, आणि त्यावर बहुतेक वेळा हाउस, कधीमधी टेक्नो, असलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत. ऑफिसची गँग महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी अंधेरीच्या एका क्लबात जाते. मीही जातो आणि दर वेळी पस्तावतो. गाणं जरा रंगात येतंय तोवर बदलतं. कानाला तोंड लावून ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. सगळे टेबलाभोवती मोबाइल वर धरून उभे. मी दारू पीत नाही, त्यामुळे कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन खांबाला टेकतो. मागच्या वेळी मुली आधी आत गेल्या आणि आम्हा तिघांना 'स्टॅग एंट्री बंद', म्हणजे सोबत मुलगी नसलेल्या मुलांना प्रवेश नाही, म्हणून दारातच अडवलं. चारचौघांत नाचायची मला लाज वाटते, पण ठेका धरला की पाय थांबत नाहीत हेही खरं. मित्र म्हणतात, तू क्लबवाला माणूसच नाहीस. माझ्या कानाला आणि स्वभावाला मानवेल असा क्लब मुंबईत आहे का, की हा नाद सोडून देऊ?"
– 'पाय थांबत नाहीत', डोंबिवली

प्रिय 'पाय थांबत नाहीत',

नाद सोडू नकोस. मित्रांनी तुला जो निकाल ऐकवलाय, तो एका क्लबाच्या आणि तेही फक्त शनिवारच्या पुराव्यावर दिलाय. अपिलाला भरपूर जागा आहे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. 'हाउसचा क्लब', 'रॉकचा क्लब', 'हिपहॉपचा क्लब' अशा पाट्या लावलेल्या जागा मुंबईत जवळपास नाहीतच. इथलं भाडं, लायसन्सचा खर्च आणि रात्री दीडला बंद करायची सक्ती बघता एकाच प्रकारच्या संगीतावर आठवडा काढणं कुणाला परवडत नाही. शुक्रवार-शनिवारी जे वाजवलं की हमखास गर्दी होते, ते वाजतं: बॉलिवूड, पंजाबी, रेडिओवर गाजलेली इंग्रजी गाणी. त्याच जागेत गुरुवारी एखादा छोटा आयोजक हाउसची रात्र ठेवतो, बुधवारी हिपहॉपवाले येतात, रविवारी संध्याकाळी बँड वाजतो. मंगल कार्यालयासारखंच आहे हे. आज लग्न, उद्या मुंज, परवा साड्यांचा सेल. हॉल तोच, पाहुणे वेगळे, जेवण वेगळं. म्हणून 'चांगला क्लब कुठला' हे विचारण्यापेक्षा 'या आठवड्यात कोण वाजवतंय आणि कुणी ठेवलंय' हे विचार. क्लबाचं नाव त्यानंतर येतं.

तुझी तक्रार काय आहे ते नीट बघ. गाणं रंगात येण्याआधी बदलतं, ही तुझी पहिली ओळ. त्या अंधेरीच्या जागी डीजे जे करतो त्याला 'ओपन फॉरमॅट' म्हणतात. टेबलं विकलेली असतात, टेबलावर बाटल्या असतात, आणि प्रत्येक टेबलाला आपलं गाणं हवं असतं. कुणी वेटरकडून चिठ्ठी पाठवतं, कुणी थेट मोबाइलच्या पडद्यावर गाण्याचं नाव टाइप करून डीजेच्या नाकासमोर धरतं. तो बिचारा सगळ्यांचं मन राखायला दीड-दोन मिनिटांत गाणं उडवून पुढे जातो. त्यातही कौशल्य आहे, नाही म्हणत नाही. पण तुझा कान आवर्तनावर तयार झालेला आहे. पथकात एक हात सुरू झाला की तो घोळवायचा, चढवायचा आणि मगच तोडायचा, ही सवय तुझ्या मनगटात आहे. दीड मिनिटात ठेका मोडला की तुला ठेच लागल्यागत होणारच.

हाउसच्या चांगल्या रात्री नेमकं उलट होतं. डीजेच्या जवळ जागा मिळाली तर त्याचे हात बघ. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. पुढचा ट्रॅक तो आधी एकटाच ऐकतो, वेग जुळवतो, मग हळूच आत सोडतो. पण त्याचा खर्ज दाबून ठेवलेला असतो, नुसती वरची झांज ऐकू येते. एक मिनिट, दोन मिनिटं दोन्ही ट्रॅक एकमेकांवर चालू राहतात. मग जुन्या ट्रॅकचं खर्जाचं बटण डावीकडे आणि नव्याचं उजवीकडे, एकाच क्षणी. लोकांना फक्त एवढंच जाणवतं की पोटात काहीतरी बदललं. तुला मात्र ते येणार हे चार मात्रा आधीच कळेल, कारण टिपरू हातात घेऊन तू हेच मोजत आलायस. असं तासाला दहा-बाराच ट्रॅक होतात, आणि रात्र एका चढावर जात राहते.

लयीचा हिशेब एकदा समजून घेतलास तर पोस्टर वाचणं सोपं जाईल. मिनिटाला किती ठोके, हे मोजमाप. हिपहॉप साधारण ८० ते १००. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं अमापियानो ११०-११५, लाकडी घुमाऱ्याचा खर्ज, रेंगाळणारं. हाउस १२० ते १२८. टेक्नो १३०च्या आसपास आणि हल्ली त्याहून बरंच वर. सायट्रान्स १४०च्या पुढे. ड्रम अँड बेस १७० ते १७५, म्हणजे थेट द्रुत. तू हेडफोनवर ऐकतोस त्यातले पाच-सहा ट्रॅक घे आणि त्यांचा वेग बघून ठेव. ते १२२-१२४ला घोटाळत असतील, तर 'टेक्नो' लिहिलेल्या रात्री तू दमून जाशील. टेक्नो वाईट असतं म्हणून नव्हे. तुझी लय मध्य आहे आणि तिथे सगळं द्रुतात चाललेलं असतं.

आता पोस्टर. इन्स्टाग्रामवर किंवा तिकिटाच्या ॲपवर जे चित्र येतं, त्यात सगळं लिहिलेलं असतं, फक्त वाचायची सवय हवी. 'लेडीज नाइट', 'बॉलिवूड बॅश', 'कमर्शियल', 'बॉलीटेक' असे शब्द दिसले तर तुझ्यासाठी तिथे फारसं काही नाही. डीजेचं नावच नाही, फक्त 'रेसिडेंट डीजे' (क्लबाचा नेहमीचा) आणि कॉकटेलचा फोटो, तरीही तेच. याउलट दोन-तीन नावं खाली-खाली लिहिलेली असतील, प्रत्येकाची वेळ दिली असेल, आयोजकाचं वेगळं नाव असेल, एखाद्या नावापुढे 'ऑल नाइट लाँग' असेल, तर तिकडे लक्ष दे. 'ऑल नाइट लाँग' म्हणजे एकच माणूस पूर्ण रात्र वाजवणार. अशा रात्री मला स्वतःला सगळ्यात आवडतात. घाई नसते, वाजवणारा मनासारखं वळण घेऊ शकतो. नावं मिळाली की साउंडक्लाउडवर किंवा यूट्यूबवर त्या माणसाचा तासाभराचा सेट शोध आणि पवईला जाता-येता ऐक. कांजूरमार्ग येईपर्यंत कंटाळलास तर तिकिटाचे पैसे वाचले.

यादी कुठे मिळेल, तर डिस्ट्रिक्ट, बुकमायशो आणि स्किलबॉक्स या तिकिटांच्या ॲपवर. इलेक्ट्रॉनिकसाठी 'रेसिडेंट ॲडव्हायझर' या साइटवर मुंबईचं वेगळं पान आहे. पण मुख्य धागा आयोजकांचा. क्लब बंद पडतात, नाव बदलतात, मालक बदलतात. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण निघालं. गोल कप्प्यांची बसायची रचना आणि देशविदेशचे वाजवणारे यामुळे एक अख्खी पिढी तिथे ऐकायला शिकली, आणि २०१६मध्ये ते बंद झालं. त्याआधी धोबीतलावच्या रंगभवनात रॉकच्या मैफिली व्हायच्या. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेजं, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तेही संपलं. जागा गेल्या, पण रात्री भरवणारी माणसं दुसऱ्या जागी गेली आणि ऐकणारेही त्यांच्यामागे गेले. तू दोन-तीन आयोजक धरून ठेव, जागा ते शोधतील.

तरी नावं हवीत म्हणशील, तर सुरुवातीला लोअर परळच्या अँटीसोशलच्या कार्यक्रमांवर नजर ठेव. तिथे इंडी बँड, हिपहॉप, टेक्नो असं सगळं वेगवेगळ्या दिवशी होत आलंय, म्हणून वार बघूनच जा. वांद्र्याचं बोनोबो इलेक्ट्रॉनिकवाल्यांचं जुनं ठिकाण. अंधेरीच्या द ललित हॉटेलातलं किटी सू हे ड्रॅगच्या, म्हणजे स्त्रीवेशात नटून केलेल्या कार्यक्रमांमुळे आणि एलजीबीटी मंडळींना उघडपणे सामावून घेतल्यामुळे ओळखलं गेलं. हे शेवटचं नाव घ्यायला कारण आहे. तुझं आवडतं हाउस जिथे जन्मलं, त्या शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबात १९७७पासून फ्रँकी नकल्स वाजवत असे, आणि तिथे येणारे बहुतेक काळे आणि समलिंगी तरुण होते. बाकी शहरात त्यांना ऐसपैस वागायची सोय नव्हती. वेगळी वाटणारी माणसं जिथे निवांत असतात, तिथे लाजाळू माणसाकडेही कुणी टवकारून बघत नाही. हे मी पुष्कळ जागी पाहिलंय.

म्हणजे आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, स्वभाव. कान आणि स्वभाव यांची गल्लत करू नकोस. गाणी अगदी तुझ्या पसंतीची आणि जागा पूर्ण नापसंतीची, असं होऊ शकतं. हजार माणसांच्या हॉलमध्ये जगातला थोर डीजे आला तरी तू खांबच शोधशील. तुझ्यासाठी शंभर-दोनशे माणसांची खोली बरी. ती कशी ओळखायची? गूगल मॅप्सवर लोकांनी टाकलेले फोटो बघ. सगळे फोटो नाचोज, शिशा आणि आतषबाजी लावलेल्या बाटल्यांचे असतील, तर ते डीजे ठेवलेलं रेस्टॉरंट आहे. फोटोंत मोकळी फरशी, अंधार, मोठे स्पीकर आणि एकाच दिशेला तोंड करून उभी माणसं दिसत असतील, तर तिथे लोक ऐकायला येतात. टेबलं जिथे जास्त, तिथे लोक एकमेकांकडे बघतात. फरशी जिथे जास्त, तिथे सगळे डीजेकडे बघतात. लाजणाऱ्याला दुसरी जागा सोयीची, कारण तुझ्याकडे सगळ्यांची पाठ असते.

मोबाइलचं म्हणशील तर बर्लिनच्या बर्गहाइन क्लबात दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात आणि आत फोटो काढला तर बाहेर काढतात. आपल्याकडे असा कडकपणा तुरळक. पण आठवड्याच्या मधल्या वारी, तिकीट काढून आलेल्या गर्दीत हात वर करून रील काढणारे आपोआप कमी होतात.

स्टॅगचा अपमान हाही वाराचा प्रश्न आहे. शनिवारी दारात जो 'कपल एंट्री'चा हिशेब चालतो, त्यात क्लबाला आतलं मुला-मुलींचं प्रमाण सांभाळायचं असतं, आणि त्याची किंमत तुझ्यासारखा एकटा मुलगा मोजतो. नावाचं तिकीट काढून केलेल्या कार्यक्रमाला बहुधा ही भानगड नसते. तिकीट दाखव, मनगटावर शिक्का घे, आत जा. तरी तिकीट काढताना खालच्या अटी वाच, काही ठिकाणी तिथेही 'स्टॅग'चा दर वेगळा असतो. ओळखपत्र जवळ ठेव. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि बाकी मद्यासाठी २५ लागतं, त्यामुळे काही क्लब दारातच २१ किंवा २५ची अट घालतात. तू २४चा, तेव्हा आधी फोन करून विचार. दारू पिणाऱ्यांना कागदोपत्री परवानाही लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १००ला, आजन्म १,०००ला. तुला त्याची गरज नाही, पण मित्रांना विचार त्यांच्याकडे आहे का, चेहरे बघण्यासारखे होतील. कव्हर चार्ज, म्हणजे दारात घेतलेले प्रवेशाचे पैसे, 'रिडीमेबल' असेल तर तो खाण्यावर आणि सोड्यावरही वळता होतो. न पिणाऱ्याने तो तसाच सोडून यायचं काही कारण नाही. आणि आषाढी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर अशा ड्राय डेच्या आसपास काही ठरवत असशील तर कार्यक्रम होतोय ना, याची खात्री करून घे.

वेळेचं गणित तुझ्या बाजूचं आहे. लोक साडेअकराला येतात, दीडला दिवे लागतात. तू साडेनऊला जा. फरशी रिकामी, सुरुवातीचा डीजे सावकाश वाजवतोय, बारवर रांग नाही. जागा पारखून घ्यायला हीच वेळ. साउंड इंजिनिअरचं टेबल कुठे आहे बघ, बहुधा डीजेच्या समोर, मागच्या बाजूला. त्याच्या थोडं पुढे उभा राहा. आवाज तिथे ऐकून जुळवलेला असतो, म्हणून खर्ज आणि वरचे सूर दोन्ही साफ पोचतात. स्पीकरच्या अगदी तोंडाशी नुसता दणका बसतो. गर्दी येईपर्यंत तू तासभर तिथे असशील, अंधाराची सवय झालेली असेल, पाय आपापलं काम करत असतील. नाचायचं कसं हे कुणी शिकवायची गरज नाही. कंबरेला ढोल बांधून तासन् तास गुडघ्यात लवून उभं राहिलेल्या माणसाचं शरीर अर्धं तयारच असतं. मुंबईत तुझ्या बाजूला उभा असलेला पोरगा जिमला जाऊनही तेवढं टिकत नाही.

गच्चीवरच्या जागांबद्दल सावध राहा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, बंदिस्त सभागृहाला सूट आहे. म्हणून समुद्राकडे तोंड केलेल्या सुंदर गच्चीवर पावणेदहाला गाणं शिगेला पोचतं आणि दहाला आवाज असा पडतो की शेजारच्या टेबलावरचं भांडण ऐकू येतं. गोव्यात पाळोळेला यावर तोडगा म्हणून दहानंतर हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. तू रविवार दुपारच्या 'सनडाउनर'ला जा. चारला सुरू, दहाला संपतं, उघडी हवा, आणि शेवटच्या गाडीची धास्ती नाही. फक्त मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून निघ.

रेल्वेवरून आठवलं. लोअर परळच्या गिरण्यांत जायचं तर तुझं स्टेशन करी रोड. पश्चिम रेल्वेवर जायची गरजच नाही. कल्याणकडच्या शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास निघतात, एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवर त्या दिवशीची वेळ आधी बघून ठेव. साडेनऊला गेलास तर पावणेबाराला निघेपर्यंत तुझे सव्वादोन तास झालेले असतात, आणि पहिल्या एक-दोन खेपांना तेवढे पुरतात. मुख्य डीजेसाठी शेवटपर्यंत थांबायचं असेल तर ठाणे-कल्याणकडचा कुणी तिथे भेटतोच. ठाण्यापलीकडे राहणारे लोक साडेबारानंतर एकमेकांना वासावरून ओळखतात. टॅक्सी वाटून घ्या.

आत गेल्यावर दोन मिनिटं खर्चून बाहेर पडायचे रस्ते बघ. हे सांगितलं की पोरं हसतात. २०१७च्या डिसेंबरअखेर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागली, १४ जण गेले, आणि धुरापासून वाचायला स्वच्छतागृहात शिरलेल्यांना बाहेर पडता आलं नाही. दुसरं दार नसेल, किंवा असून त्यापुढे बिअरचे क्रेट रचलेले असतील, तर संगीत कितीही चांगलं असो, परत फिर. पैसे गेले तर गेले.

आणि कान. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण तू ढोल वाजवतोस. पथकात ताशाच्या शेजारी उभं राहून तुझ्या कानांनी आधीच पुष्कळ सोसलंय. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हिशेबाप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. क्लबात तेवढा आवाज सर्रास असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये अशा जागांसाठी निकष काढले: सरासरी १०० डेसिबलच्या वर जायचं नाही, इअरप्लग उपलब्ध ठेवायचे, बसायला शांत कोपरा ठेवायचा. आपल्याकडे हे किती पाळतात, ते तू बघतोसच. तेव्हा इअरप्लग स्वतःचे ने. फोमचे नकोत, त्यांनी सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात, त्यात आवाज खाली येतो पण सूर तसाच राहतो. तेच पुढे पथकातही वापर. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर मजा आली याची ती खूण नाही, कान दुखावल्याची आहे. दर तासाला दहा मिनिटं बाहेर येऊन उभा राहा.

एक गोष्ट ताई म्हणून सांगते, कारण तू एकटा जाणार आहेस. फरशीवर एकट्या मुलाकडे बायका आधी सावधपणे बघतात, आणि त्यांना तसं बघायला कारणं आहेत. तू मुलींचं प्रमाण राखणाऱ्या दारवानावर चिडलास, पण तो नियम ज्यांच्यामुळे आला ते आतही असतात. नाचताना मुलींच्या घोळक्याला पाठ किंवा खांदा कर, तोंड नको. सरकायचं असेल तर हात न लावता बाजूने जा. कुणी हसलं तर हस आणि पुन्हा डीजेकडे वळ. असं दोन-तीन रात्री केलंस की लोक तुला ओळखायला लागतात, आणि मग गप्पा बाहेरच्या पायरीवर आपोआप सुरू होतात. 'मघाचा तो ट्रॅक कुठला होता?' या एका प्रश्नावर मुंबईत कितीतरी मैत्र्या झाल्या आहेत. हाउसच्या रात्री येणारा गोतावळा लहान आहे, तेच चेहरे परत परत भेटतात. तुझ्यासारख्या माणसाला याचा फायदाच आहे.

ऑफिसच्या गँगबद्दल थोडं. तुझ्या पत्रात त्यांच्या आवडीकडे किंचित नाक मुरडलेलं दिसलं. बॉलिवूड नाइट हा हलका प्रकार नाही. अख्खी फरशी एकाच वेळी एकच ओळ गाते तेव्हा तिथेही काहीतरी घडत असतं, आणि मला ते मनापासून आवडतं. पण तो गटाने, ओळखीच्यांसोबत करायचा कार्यक्रम आहे. तिथे संगीत ऐकायला जायचं नाही, माणसांना भेटायला जायचं. वर्षातून दोनदा त्या हिशेबाने जा, जेवून जा, अकराला निघ. त्यांना मात्र तुझ्या गुरुवारी घेऊन जाऊ नकोस, निदान इतक्यात तरी. ते दर दहा मिनिटांनी 'आता कधी सुरू होणार?' विचारतील, आणि तू ऐकायचं सोडून यजमानपण करत बसशील.

हे सगळं करूनही वाटलं की गर्दी झेपत नाही, ऐकायचंय पण बसून, तर तीही सोय आहे. जपानमध्ये जाझ ऐकायला 'किस्सा' नावाची कॉफीघरं फार जुनी आहेत, उत्तम स्पीकर, रेकॉर्डी आणि बोलणं अगदी हळू. तसल्या कल्पनेच्या जागा आता आपल्याकडेही निघू लागल्यात. पणजीत 'फॉर द रेकॉर्ड' नावाचा विनाइल बार आहे, मुंबईतही अलीकडे रेकॉर्ड लावून ऐकवणाऱ्या खोल्या दिसतात. तिथे नाचावं लागत नाही, एकटा आलेला माणूस कुणाच्या डोळ्यांत येत नाही, आणि दहा वाजता कुणी आवाजही पाडत नाही. गोव्याला पथकाच्या मित्रांबरोबर गेलास तर एक संध्याकाळ तिकडे काढ. हणजूण-वागातोरला जे वाजतं ते पुष्कळदा सायट्रान्स, १४०च्या पुढचं. तिथे जायचंच असेल तर इअरप्लग विसरू नकोस.